एका वर्षाची आखणी आणि १७ नंबरचा फॉर्म

डिसेंबर संपत आला की वहीच्या मागच्या पानावर यादी करायची मला जुनी खोड. सकाळी चालायला जायचं, पोस्टात आरडी काढायची, इंग्रजी बोलायला शिकायचं, रात्रीच्या मालिका बंद, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात 'दहावी'. संक्रांतीचं हळदीकुंकू होईपर्यंत चालणं बंद पडलेलं असायचं. दहावीच्या पुढे तर कधी काही लिहिलंही जायचं नाही, कारण नेमकं काय करायचं तेच माहीत नव्हतं.

मी नववी पास. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत तेव्हा नववीपर्यंतच वर्ग होते. १९९५ मध्ये नववी झाली, दहावीला एसटीने लांब जावं लागणार होतं. वडील म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी मी शिलाई मशीनवर बसले होते. आता कराडात राहते, घरीच ब्लाऊज शिवते. कुठल्याही फॉर्मवर 'शिक्षण' हा रकाना आला की पेन थोडं थांबतं, एवढंच काय ते दुःख. जेवायला कमी नव्हतं.

२०२४ च्या मार्चमध्ये लेकीची दहावीची परीक्षा झाली आणि तिची पुस्तकं रद्दीवाल्याच्या वाटेवर होती. पाडवा ९ एप्रिलला होता. गुढी उतरवल्यावर मी ती पुस्तकं पोत्यातून परत काढली आणि त्या वर्षाच्या यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर काट मारली. चालणं नाही, इंग्रजी नाही, मालिकाही बघायच्या. एकच गोष्ट ठेवली.

माझं मत विचाराल तर घरसंसार करणाऱ्या माणसाच्या वर्षात एकाच मोठ्या गोष्टीला जागा असते. तीही अशी हवी, की जिची तारीख आपल्या हातात नसेल. चालायला जायची तारीख मीच ठरवायचे, म्हणून मीच पुढे ढकलायचे. बोर्डाची तारीख माझ्यासाठी पुढे जाणार नव्हती.

वाण्याकडून मिळालेलं कॅलेंडर घेतलं आणि मार्चपासून उलटी मागे आले. आधी लाल पेनाने माझ्या धंद्याचे दिवस भरले. मे महिन्याची लग्नसराई, गौरी-गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस, नवरात्र, दिवाळीपर्यंतचा सगळा काळ, तुळशीच्या लग्नानंतरची पुन्हा लग्नं. या दिवसांत अभ्यास शून्य असं आधीच लिहून टाकलं. उरले ते आषाढ-श्रावण, डिसेंबरचा काही भाग आणि जानेवारी-फेब्रुवारी. बघून पोटात गोळाच आला, पण निदान खरं काय ते समोर होतं. जानेवारी-फेब्रुवारीत नवीन ऑर्डर घ्यायची नाही हेही तेव्हाच ठरलं.

घरी सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "आता कुणाला दाखवायचंय?" आत्या, म्हणजे सासूबाई, काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या वहिनींना सांगत होत्या, "बसू दे की. माझ्या कुठं डोक्यावर बसतीय!" मी ते होकारात धरलं.

शाळेत न जाता दहावीला बसणाऱ्यांना 'खासगी विद्यार्थी' म्हणतात आणि त्यासाठी भरायचा तो १७ नंबरचा फॉर्म. लेकीच्या शाळेतल्या सरांनी ही माहिती दिली. आधी दहावीला बसून नापास झालेल्यांसाठी हा फॉर्म नाही, ते पुनर्परीक्षार्थी म्हणून बसतात. माझ्यासारखे मध्येच शाळा सोडलेले लोक यात येतात. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिथे विषय निवडायची मोकळीक जास्त आणि परीक्षा वर्षातून दोनदा असते. मी राज्य मंडळच धरलं, कारण पुस्तकं घरात होती आणि शिकवणारी लेकही घरात होती.

फॉर्मसाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तोही मूळ प्रत. मूळ दाखला घेतलेला असून हरवला असेल तर शाळेतून द्वितीय प्रत काढायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. माझं निराळंच होतं. पुढे कुठल्या शाळेत गेलेच नाही, त्यामुळे दाखला कधी काढलाच नव्हता. एकोणतीस वर्षं तो शाळेच्या रजिस्टरातच पडून होता.

जुलैमध्ये आषाढ लागल्यावर गावी गेले, आणि शाळेच्या ऑफिसबाहेर बायकांची ही रांग! 'लाडकी बहीण' योजना नुकतीच जाहीर झाली होती. अधिवासाचा दाखला नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला चालेल, असं सरकारने सांगितल्यामुळे माझ्या वयाच्या सगळ्या माहेरवाशिणी तिथे हजर. दोन तर माझ्याच वर्गातल्या निघाल्या. खिडकीपाशी नंबर आल्यावर क्लार्कनी मान वर न करताच विचारलं, "लाडकी बहीणच ना?"

"नाही. दहावीला बसायचंय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रांग एकदम गप्प झाली, मग मागून एक आवाज आला, "आता बसता येतं व्हय?" त्या दिवशी दाखला मिळाला नाही, पण रांगेतल्या चौघी-पाचजणींना मी १७ नंबरचा फॉर्म समजावून सांगितला. मला स्वतःला अजून तो नीट कळला नव्हता तरी.

दाखला लगेच न मिळायचं कारण साधं होतं. जुनी जनरल रजिस्टरं दुसऱ्या खोलीतल्या कपाटात, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. "सोमवारी या," म्हणाले. सोमवारी गेले तर "गुरुवारी." शेवटी दादाला पुढे घातलं. तो गावातच राहतो, रोज शाळेवरून जातो, रोज आत डोकावून "झाला का?" विचारायचा. जुलैच्या शेवटी दाखला हातात आला. कोणाला काढायचा असेल तर नववी कोणत्या वर्षी झाली ते आणि रजिस्टर नंबर माहीत असेल तर तो, दोन्ही लिहून द्या. नुसतं नाव सांगून शोधायला लावलं की तुमचं काम ढिगात सगळ्यात खाली जातं.

दाखल्यावर माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, आणि जन्मतारीख १ जून १९८०. आमच्या पिढीतली अर्धी खेडी १ जूनलाच जन्मली आहेत. शाळेत घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडायची. आधारवर हीच तारीख होती म्हणून निभावलं. नाव मात्र आधारवर सासरचं. बोर्डाच्या नोंदीत दाखल्यावरचंच नाव लागतं, ते बदलायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आमचा नगरपालिकेतून आधीच काढलेला होता. नसेल तर जूनमध्येच कामाला लागा.

फॉर्म ऑगस्टमध्ये ऑनलाइन भरला. मोबाईल नंबर, ईमेल, फोटो, दाखला स्कॅन करून. लेकीने मोबाईलवर भरायला घेतलं, पण फोटोचा आकार काही केल्या बसेना, म्हणून सायबर कॅफेत गेलो. त्याने शंभर रुपये घेतले आणि प्रिंटही काढून दिली. यात संपर्क केंद्र निवडावं लागतं, म्हणजे तुमच्या तालुक्यातली आणि माध्यमाची एक शाळा. पुढे तोंडी परीक्षा, प्रकल्प, हॉल तिकीट, गुणपत्रिका सगळं त्याच शाळेतून होतं. म्हणून नावाजलेली शाळा बघू नका, घरापासून चालत जाता येईल अशी बघा. नोंदणीचं शुल्क हजार-बाराशेच्या घरात गेलं आणि ते ऑनलाइनच भरायचं. माझ्या खात्यातून पैसे गेले आणि पावती मात्र आली नाही. तीन-चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, मग बँकेने पैसे परत टाकले आणि पुन्हा भरले. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबले असते तर वर्ष गेलं असतं.

नंतर अर्जाची प्रिंट, शुल्काच्या पावतीच्या प्रती आणि मूळ कागदपत्रं संपर्क केंद्रावर नेऊन द्यायची. मूळ दाखला त्यांच्याकडे जातो. देण्याआधी रंगीत झेरॉक्स काढून ठेवा आणि दिल्याची सही-शिक्का मारलेली पोच घ्या. "पोच कशाला? आम्ही काय खातो का तुमचा दाखला?" असं मला तिथे ऐकवलं गेलं. मी हसून उभी राहिले, पोच मिळेपर्यंत. 'खासगीवाले नंतर' हे वाक्य पुढे वर्षभर ऐकायला मिळालं. शाळेची नेहमीची मुलं, त्यांचे पालक, मग शिपाई, मग आम्ही. सुरुवातीला फार लागायचं. नंतर पिशवीत हुक लावायचे ब्लाऊज घेऊन जायला लागले. थांबणं वाया जात नव्हतं.

आता अभ्यास. लेक अकरावीला गेली होती, ती रात्री जेवणानंतर तासभर घ्यायची. गणितासाठी मात्र गल्लीतल्या निवृत्त बाईंकडे गेले. त्या महिन्याला पाचशे घ्यायच्या. बीजगणितात जीएसटी आणि शेअर्सचा धडा आहे, तो मला सगळ्यांत सोपा गेला. अस्तराच्या कापडावर किती टक्के लागतात ते मला पाठ. वर्गसमीकरणांनी मात्र रडवलं. भूमितीत एकदा महत्त्वमापन चाललं होतं, शंकुछेदाचं वक्रपृष्ठफळ. बाई फळ्यावर सूत्र लिहीत होत्या आणि मी म्हटलं, बाई, हा तर पेटीकोटचा घेर. वर कमरेचा छोटा गोल, खाली मोठा गोल, मध्ये तिरकी उंची. बाईंनी खडू ठेवला आणि म्हणाल्या, "मग कापड किती लागेल सांगा." मी सांगितलं. सूत्राने काढलं तर शिलाईची माया सोडून तेवढंच आलं. दहावीत कुठे काय कळलं ते विचाराल तर मी हा दिवस सांगेन.

भूगोलात अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझीलच्या तुलनेचं. ॲमेझॉनचं खोरं, कॉफीचे मळे, तिथली लोकसंख्या किनाऱ्याला का दाटली आहे वगैरे. आत्या दुपारी भाजी निवडत ऐकायच्या. जेवताना ह्यांना विचारायच्या, "ब्राझीलमधी ऊस होतो, ठावं हाय का तुला?" विज्ञानात भिंगांचा धडा वाचताना कळलं की चाळिशी लागते म्हणजे डोळ्याची समायोजन शक्ती, म्हणजे जवळचं बघताना भिंगाचा आकार बदलायची ताकद, कमी होते. सुईत दोरा ओवता येईना म्हणून सहा वर्षांपूर्वी चष्मा लागला होता. तेव्हा डॉक्टर नुसतं "वय झालं" म्हणाले होते.

सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत पुस्तक उघडलं नाही. गौरीच्या साड्यांचे ब्लाऊज, नवरात्राचे नऊ रंग, मग दिवाळी. ठरल्याप्रमाणेच होतं, तरी मन खात होतं. कॅलेंडरवरची लाल रेघ बघायची आणि मशीनचा पाय दाबायचा. आधी लिहून ठेवलेलं नसतं तर 'आपल्याच्याने होत नाही' म्हणून मी ऑक्टोबरमध्येच सोडून दिलं असतं, याची मला खात्री आहे.

दिवाळीच्या सुमारास परीक्षेचं आवेदनपत्र भरायचं असतं. हे १७ नंबरच्या फॉर्मपेक्षा वेगळं आणि त्याचं शुल्कही वेगळं. नोंदणी झाली म्हणजे परीक्षेला बसलो असं समजून गप्प राहू नका. शाळेकडून निरोप येईलच याची शाश्वती नाही, स्वतः जाऊन विचारत राहायचं. त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. निम्मे शिक्षक निवडणुकीच्या कामाला, शाळा मतदान केंद्र. माझ्या अर्जावरची एक सही त्या गडबडीत अडकली होती. एका तरुण मॅडमनी ती स्वतः फिरून आणून दिली. त्यांनीच तोंडी परीक्षेचं आणि प्रकल्पाचं वेळापत्रक मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. प्रत्येक शाळेत असं एक तरी माणूस असतं. पहिल्या भेटीतच ते हेरून ठेवा.

बाहेरून बसणाऱ्यांनाही लेखी परीक्षेशिवायचे गुण सुटत नाहीत. भाषांना ऐंशी गुणांची लेखी आणि वीसची तोंडी, विज्ञानाला वीसचं प्रात्यक्षिक. शिवाय श्रेणीच्या विषयांच्या वह्या असतात. जानेवारीत शाळेच्या मुलांबरोबर सराव परीक्षाही दिली. ती खासगीवाल्यांना सक्तीची नव्हती, मी मागून घेतली. तीन तास सलग लिहायची हाताची सवयच गेलेली. पहिल्या पेपरला दोन तासांतच बोटं आखडली. कात्री दिवसभर चालवते, पण पेन वेगळं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घड्याळ लावून नुसतं लिहीत बसायचे, जुनी प्रश्नपत्रिका पुढे ठेवून. दहावी देणाऱ्या चाळिशीच्या माणसाला एकच सल्ला द्यायचा झाला तर हा देईन. पाठांतर नंतर, आधी हात.

त्याच जानेवारीत हॉल तिकिटावर जातीचा प्रवर्ग छापल्यावरून राज्यभर गदारोळ झाला आणि मंडळाने नवी हॉल तिकिटं दिली. आमचं त्यात काही अडलं नाही, पण प्रिंट काढली की त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे ना, आणि नाव दाखल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर बरोबर आहे ना, ते तिथल्या तिथे बघा.

२१ फेब्रुवारीला मराठीचा पेपर. अकराला सुरू, साडेदहाला आत. गेटवर कॉपीमुक्तीवाले, आत भरारी पथक. माझ्या बाकाच्या पुढे-मागे सगळी पंधरा-सोळा वर्षांची. पर्यवेक्षकांनी हजेरी घेताना माहेरचं पूर्ण नाव पुकारलं. त्या नावाने मला शेवटी कुणी हाक मारली होती ते आठवेना, आणि 'हजर' म्हणायला एक क्षण उशीर झाला. पेपर सोपा होता. पुरवणी बांधायला दोरा दिला तर मागच्या मुलीची गाठ सारखी सुटत होती. तिला मशीनवाली गाठ दाखवावी असं फार वाटलं, पण पथकाच्या भीतीने गप्प राहिले.

बाकीचे पेपर आता धड आठवतही नाहीत. बीजगणिताचा ५ मार्चचा आठवतो, कारण बाहेर येऊन मी दोन ग्लास उसाचा रस प्यायले आणि मला चव कळली नाही. १४ ला धुळवड, १५ ला इतिहास. आदल्या दिवशी गल्लीतल्या पोरांना आत्यांनी काठी घेऊन दारापासून लांब ठेवलं, "आमच्या सूनबाईचा पेपर हाय." १७ ला भूगोल झाला आणि ब्राझील संपला.

निकाल १३ मे २०२५ ला, दुपारी एक वाजता. साइटवर बैठक क्रमांक टाकायचा आणि आईचं नाव. माझ्या आईने आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही. तिच्या नावावाचून माझा निकाल उघडणार नव्हता. साइट काही वेळ उघडेना. मग उघडली. ६१.४० टक्के, गणितात ४२. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला होता, म्हणजे पास होण्यात मी फार मोठं काही केलं नाही, पण ह्यांनी पेढे आणले ते अर्धा किलो नव्हे, दोन किलो. नंतर कळलं की ह्यांच्या गॅरेजवर सगळ्यांना सांगून झालं होतं.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. दोन्ही शुल्कं, गणिताची शिकवणी, एसटी, प्रिंट, झेरॉक्स, वह्या मिळून पाच-सहा हजार. पुस्तकं फुकट पडली, नाहीतरी बालभारतीची पुस्तकं साइटवर पीडीएफमध्ये फुकटच आहेत. खरा खर्च जानेवारी-फेब्रुवारीत सोडलेल्या लग्नाच्या ऑर्डरींचा. त्यातली दोन गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. ते वर्षाच्या हिशेबात आधी धरलं होतं, तरी टोचतं.

मूळ गुणपत्रिका नंतर संपर्क केंद्रावरच मिळते. हॉल तिकीट घेऊन जा आणि नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा, दुरुस्ती लवकर सांगितली तर सोपी जाते. बारावीही १७ नंबरने देता येते, पण दहावीनंतर मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं. म्हणजे माझा फॉर्म २०२६ च्या पावसाळ्यात. रांगेत भेटलेल्या वर्गमैत्रिणींपैकी एकीने यंदा फॉर्म भरलाय. माझी पुस्तकं, म्हणजे लेकीची, आता तिच्याकडे आहेत. शंकुछेदाच्या पानावर पेन्सिलने पेटीकोटचं माप लिहिलेलं आहे, ते खोडू नको म्हणून सांगितलंय.